मंगळवारी खटका पडला नाही

तीन माणसं येऊन गेली होती आणि तिघांची तीन निदानं झाली होती. पहिल्यानं ए. सी.ची जाळी धुतली. दुसऱ्यानं मेन बोर्डातला एमसीबी, म्हणजे घरातले सगळे ज्याला खटका म्हणायचे तो, काढून नवा बसवला. तिसऱ्यानं बाहेरच्या युनिटचा कपॅसिटर बदलला आणि एवढं करूनही दुसऱ्या दिवशी भागेना तेव्हा परत येऊन, भिंतीवर दोन थापट्या मारून, "वायरिंगच म्हातारं झालंय, सगळं घर उकरावं लागेल, पंधरा दिवस धरा," असं सांगून तो निघून गेला. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. खटका आपला दुपारी दीड ते साडेतीनच्या दरम्यान, नेम धरल्यासारखा, टक् करून पडतच होता.

चौथ्या आल्या त्या मेकॅनिकबाई.

पन्नाशीच्या, अंगानं आटोपशीर. खांद्याला हत्यारांची पिशवी आणि पिशवीच्या बंदाला लटकवलेला क्लॅम्प मीटर, खेकड्याच्या नांगीसारखा. वायर न कापता, नुसती नांगीत धरली की तिच्यातून किती अँपिअर वाहतात ते सांगणारा. बाईंचं काम करण्याची एक रीत होती आणि त्या रीतीवरून त्यांची चेष्टाही व्हायची. पिशवी उघडण्याआधी त्या अर्धा तास नुसत्या बसायच्या, ऐकायच्या, विचारायच्या. बरोबरीचे म्हणायचे, "ही ए. सी. दुरुस्त करत नाही, ए. सी.ची विचारपूस करते." त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "देवानं दोन हात दिले तसे दोन कानही दिलेत. तुम्ही हात झिजवता आणि कान फुकट वागवता. मशीन कधी खोटं बोलत नाही, देवाघरचं लेकरू असतं ते. फक्त कशासाठी रडतंय ते कळायला त्याच्या घरात थोडं बसावं लागतं."

दार घरच्या लेकीनं उघडलं. शाळेत मुख्याध्यापिका होती ती, आणि सुट्टीवर असली तरी नजर सुट्टीवर नव्हती. उशिरा आलेल्या मुलीकडे बघावं तसं तिनं बाईंकडे बघितलं.

"तुम्ही चौथ्या."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मला अक्कल यायला चौथीच उजाडली होती."

लेकीच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तिनं तो लगेच जागेवर आणला. आतल्या खोलीतून शिवणयंत्राचा आवाज थांबला आणि एक बारीक, ताठ म्हातारे गळ्यात टेप घेऊन बाहेर आले.

"हे माझे बाबा. पूर्वी शिवणकाम करायचे."

"पूर्वी नाही, अजून करतो," म्हातारे म्हणाले. "मला सगळे मास्तर म्हणतात, ताई. तुम्हीही म्हणा. बसा. पाणी घ्या."

बाई बसल्या. पाणी घेतलं. मग म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही."

"मला आहे," लेक म्हणाली. "आईचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. उद्या सकाळी हॉस्पिटलमधून सोडणार. डॉक्टरांनी बजावलंय, हे उन्हाचे तीन महिने तिला थंड खोलीतच ठेवायचं, एकही दुपार चुकवायची नाही. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी हा ए. सी. घेतला, आधीपासून चालवून बघावा म्हणून. आणि तो रोज दुपारी मान टाकतो. मी आता हॉस्पिटलात चाललेय, चारला परत येईन. तोवर याचा निकाल लागला तर ठीक. नाहीतर उद्या हॉस्पिटलच्या दारातूनच आईला माझ्या गावी नेणार. गाडी सांगून ठेवलीय."

"आठ तासांचा रस्ता आहे," मास्तर टेपशी चाळा करत म्हणाले.

"माहीत आहे, बाबा."

"आणि तीन महिने."

"तुम्ही दर पंधरा दिवसांनी या ना. सासूबाई, सासरे, मुलं, सगळी माझ्याकडे दाटीवाटीनं राहतात. एकाच माणसाची सोय होईल, हे तुम्ही स्वतः मापून आलात."

"मापलं," मास्तरांनी कबूल केलं. "एक इंच वाढत नाही कुठून."

चव्वेचाळीस वर्षं मास्तरांनी कपडे बेतले आणि त्यांच्या बायकोनं त्यांना काजं केली. मास्तरांनी शिवलेल्या एकाही सदऱ्याचं काज दुसऱ्या कुणी केलेलं नव्हतं. पाच आठवडे ती माउली हॉस्पिटलात होती, आणि बाईंनी खोलीत नजर फिरवली तेव्हा कोपऱ्यातल्या दोरीवर बिनकाजाचे सात सदरे ओळीनं टांगलेले दिसले. बटणं होती, लावायला जागा नव्हती. जास्त विचारायची गरजच उरली नाही.

लेकीनं जाता जाता एक वही बाईंच्या हातात दिली. "खटका पडल्याची नोंद. बाबा फोनवर सांगतात, मी लिहिते. तारीख, वार, वेळ. आधीच्या तिघांनी उघडूनसुद्धा बघितली नाही."

"मी बघते," बाई म्हणाल्या. "जा तुम्ही निर्धास्त. चारला या आणि माझा पेपर तपासा."

अर्धा तास बसून झाल्यावर बाईंनी पिशवी उघडली. आधी बोर्ड. मेन बंद करून त्यांनी एमसीबीचे स्क्रू आवळून बघितले, घट्ट होते. वायर जाड, तांब्याची, ए. सी.साठी वेगळी ओढलेली. कुठं काळवंडलेली नाही, कुठं इन्सुलेशन वितळलेलं नाही. मीटर लावून त्यांनी वायरिंग तपासलं, अर्थिंग तपासलं. सगळं ठणठणीत.

"मास्तर, तुमचं वायरिंग म्हातारं नाही हो. तुमच्यासारखंच आहे. वय झालंय, पण टीप पक्की आहे."

मास्तर हसले. मग मागच्या गॅलरीत जाऊन बाईंनी बाहेरचं युनिट बघितलं. कठड्याच्या आत, लोखंडी घडवंचीवर ठेवलेलं होतं. नवं कोरं, पुसून लख्ख केलेलं. धुळीचा कण नाही. इतकं स्वच्छ आउटडोअर बाईंनी दुकानातसुद्धा बघितलं नव्हतं.

"रोज पुसता?"

"दोन वेळा."

साडेबाराला बाईंनी ए. सी. लावला आणि क्लॅम्प मीटरची नांगी वायरीला चावायला लावली. साडेसहा अँपिअर. एक वाजला, साडेसहा. दीड वाजला, ऊन गॅलरीत उतरलं, लोखंडी घडवंचीला हात लावला तर चटका बसायला लागला. सहा पूर्णांक आठ. दोन वाजले. सहा पूर्णांक आठ. खटका आज्ञाधारक मुलासारखा ताठ उभा.

एखादा असता तर म्हणाला असता, झालं, चांगला चालतोय, चला. आधीच्या दोघांनी तेच केलं होतं. पण बाईंना ते पटेना. रोज येणारा ताप डॉक्टर समोर असताना येत नसेल तर ताप गेला असं होत नाही. आणि आणखी एक गोष्ट त्यांना दिसत होती. ए. सी. शांत होता, पण मास्तर शांत नव्हते. दर पाच मिनिटांनी उठून गॅलरीच्या दारापर्यंत जायचे, उन्हाकडे बघायचे, युनिटकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे आणि परत येऊन बसायचे. पाहुण्यांसमोर कपाटातली औषधाची गोळी काढायला संकोचणाऱ्या माणसासारखं त्यांचं चाललं होतं.

बाईंनी वही उघडली. मुख्याध्यापिकेचं अक्षर, ओळी कशा आखून दिल्यासारख्या. बुधवार, एक पन्नास, पडला. गुरुवार, पडला. शुक्रवार, पडला. शनिवार, ढगाळ होतं, पडला नाही. रविवार, पडला नाही. सोमवार, पडला. मंगळवार...

"मास्तर, मंगळवारी काय झालं होतं? इथं लिहिलंय, कडक ऊन, ए. सी. दिवसभर चालू, खटका पडला नाही."

"मंगळवारी लेकीला कणकण होती. ती घरीच झोपली ए. सी.त. हॉस्पिटलात मी गेलो होतो सकाळपासून."

"आणि आधीच्या रविवारी?"

मास्तरांनी आठवलं. "रविवारीही मीच गेलो होतो. तिचे शाळेचे कागद तपासायचे राहिले होते."

"आणि बाकीच्या दुपारी ती तिकडे आणि तुम्ही इकडे."

"हो. संध्याकाळी मी जातो. ती परत येते."

बाईंनी वही मिटली. म्हणजे तीच वायर, तोच एमसीबी, तेच ऊन. मास्तर घरी नसले की खटका पडत नाही आणि मास्तर घरी असले की पडतो. आता हे म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं?

त्यांनी सांगितलं नाही. विचारलं.

"मास्तर, आज मी इथं नसते, तर दुपारच्या या वेळी तुम्ही काय करत असता? अगदी बारीकसारीक सांगा."

"काही नाही हो. साडेबाराला जेवतो. पेपर वाचतो. दीडला गॅलरीत ऊन आलं की त्याला कोट घालतो. मग चहा टाकतो. मग—"

"थांबा, थांबा. कुणाला कोट घालता?"

"त्याला." मास्तरांनी गॅलरीकडे हनुवटी केली. "बाहेरच्याला."

बाईंनी आयुष्यात शेकडो घरं बघितली होती. आउटडोअरमध्ये चिमण्यांची घरटी बघितली होती, मुलांनी कोंबलेली पेन्सिल बघितली होती, एकदा तर आत झोपलेला सरडा बघितला होता. पण त्याला कोट घालणारा माणूस पहिल्यांदाच भेटला.

"आणता का, बघू?"

मास्तर लगबगीनं उठले. विचारलं गेल्याचा आनंद त्यांच्या चालण्यात दिसत होता. कपाटातून त्यांनी घडी केलेला, इस्त्री केलेला कोट आणला. जाड कॅनव्हास, आतून अस्तर, कोपऱ्यांना दुहेरी टीप. पुढं पंख्याच्या मापाची गोल खिडकी, तिला बारीक जाळी लावलेली, जाळीला गोट. बाजूला पाइप बाहेर यायला, बाही जोडायला मुंढा काढावा तशी जागा. पाठीला मात्र अखंड कापड, एक सुरकुती नाही. खाली बांधायला बंद.

"बटणं लावली नाहीत," मास्तर जरा ओशाळून म्हणाले. "काजं तिचं काम. म्हणून बंद लावले."

"मास्तर," बाई म्हणाल्या आणि त्या मनापासून म्हणाल्या, "असं फिटिंग माझ्या लग्नातल्या ब्लाउजला नव्हतं."

"ढगाळ असेल त्या दिवशी घालत नाही. उगाच कशाला? आणि साडेपाचला ऊन उतरलं की काढून ठेवतो, मग हॉस्पिटलात जातो."

"आणि आधीचे तिघं आले तेव्हा?"

"काढला होता ना! तपासायला डॉक्टर आले तर पेशंटनं कोट काढायला नको? तेवढी रीत कळते मला. तुम्ही येणार म्हणून आज घातलाच नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिघं जण घरभर फिरले, भिंती ठोकून गेले, आणि दुखणं इस्त्री करून कपाटात ठेवलेलं होतं.

"आता एक करा," बाई म्हणाल्या. "मी आलेच नाही असं समजा. घाला त्याला कोट."

मास्तरांनी घातला. हातानं सारखा केला, बंद बांधले, खांद्यावरची सुरकुती काढली. बाई मीटर धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्तरांना शेजारी उभं केलं.

"हा आकडा बघत राहा. किती आहे?"

"सहा पॉइंट आठ."

पाच मिनिटांत साडेसात झाले. दहा मिनिटांत नऊ. मास्तर प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते, आधी उत्साहानं, मग हळू, मग कुजबुजल्यासारखं. अकरा. साडेबारा. कोटाच्या आतून येणारा आवाज जड झाला, चढावर ओझं ओढणाऱ्या माणसासारखा. मग एकदम थांबला.

"दमून बसला," बाई म्हणाल्या. "आता तीनेक मिनिटांनी परत उठायचा प्रयत्न करेल."

तीन मिनिटं दोघं मीटरकडे बघत उभे राहिले. मग आतून एक घुमल्यासारखा आवाज आला, मीटरवरचा आकडा तिशी ओलांडून पुढं पळाला आणि घरात, बोर्डापाशी, टक्.

मास्तरांनी बोर्डाकडे मान वळवली.

बाईंनी हलकेच बंद सोडले आणि कोट उतरवला. आतून गरम हवेचा भपकारा आला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. "मास्तर, इकडे या. हा पुढचा पंखा. इथं हात धरलात तेव्हा वारा लागला म्हणून तुम्ही खिडकी ठेवलीत, बरोबर?"

"हो. श्वास घ्यायला."

"इथून तो श्वास सोडतो. घेतो पाठीतून." त्यांनी मास्तरांचा हात धरून युनिटच्या मागच्या बाजूला, बारीक ॲल्युमिनियमच्या पात्यांवर नेला. "घरातली सगळी उष्णता इथं येते आणि मागून घेतलेली मोकळी हवा ती उचलून पुढं फेकते. तुम्ही तोंड उघडं ठेवलंत आणि नाक शिवून टाकलंत."

मायेला लोक आंधळी म्हणतात. ती आंधळी नसते. ती ज्याच्याकडे बघते त्याच्या तोंडाकडेच बघत राहते, एवढंच. पाठीमागं काय चाललंय ते तिला दिसत नाही. मास्तरांनी पात्यांवरून बोटं फिरवली आणि तिथंच कठड्याच्या आधारानं खाली बसले.

"म्हणजे मीच."

"कोट," बाई म्हणाल्या. "तुम्ही नाही. कोट."

"कोट काय आपणहून कपाटातून चालत आला?" मास्तर म्हणाले. "ताई, नवं मशीन, एवढ्या उन्हात उघडं. उद्यापासून माझ्या बायकोचा जीव त्याच्या भरवशावर. मला वाटलं, आपण याला जपलं तर हा तिला जपेल. दुसरं मला येतंय काय? डॉक्टर होता येत नाही. कापड येतं, ते केलं."

बाई कोटाची घडी घालू लागल्या. अशा वेळी बोलणाऱ्यांचा त्यांना राग यायचा.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "एक विनंती आहे. लेकीला हे सांगू नका. कपॅसिटर म्हणा, स्क्रू म्हणा, काहीही म्हणा. तुमच्या तोंडी ते शोभेल. ती काय म्हणेल ठाऊक आहे? ज्याला एक खोकं सांभाळता येत नाही, तो आईला काय सांभाळणार? आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. नेईल ती तिला."

बाईंनी खरंच विचार केला. सोपं होतं ते. पिशवीत एक जुना कपॅसिटर पडलेला होता. तो दाखवून 'हा गेला होता' म्हटलं असतं तर कुणीही मानलं असतं. पण त्यांनी मान हलवली.

"मास्तर, हे बघा. तिनं तीन दुरुस्त्या बघितल्या आणि तिन्ही फोल गेल्या. मी चौथी सांगितली तर ती त्याच माळेतला मणी. ती म्हणेल, आज चालला, उद्याची खात्री काय? आणि तिला खात्री नसली की गाडी दारात. तुमच्याकडे खात्रीची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खरं कारण. ते आपल्याला मीटरवर दाखवता येतं. खोटं मीटरवर दाखवता येत नाही."

"पण माझी लाज—"

"लाज जाईल एक तासाची. बायको राहील तीन महिने घरात. माप तुम्हीच घ्या."

मास्तर खाली बघत बसले. गॅलरीच्या फरशीवरून ऊन इंच इंच सरकत होतं. मग त्यांनी गळ्यातला टेप काढला, हातावर गुंडाळला आणि उठले.

"त्याला ऊन लागतं का पण? खरं सांगा. की तेही माझं खूळ?"

"ते खूळ नाही. सावली मिळाली तर त्याला बरंच. पण सावली छत्रीसारखी हवी, कोटासारखी नाही. वर, हातभर उंच, आणि चारी बाजू मोकळ्या."

"हातभर म्हणजे किती? नीट बोला. हात माणसागणिक बदलतो."

"दीड फूट."

"मग असं बोला ना." मास्तर आत गेले ते कात्री घेऊनच आले. आता त्यांच्या चालीत मघाचा माणूस परत आला होता. त्यांनी कोट जमिनीवर पसरला, पाठीची शिवण बोटानं चाचपली आणि भराभर उसवायला घेतली. बाजू सुटल्या, पाठ सुटली, कोटाचं सपाट कापड झालं. कडेला टीप घालायला ते यंत्रावर बसले तेव्हा सव्वातीन वाजले होते. चार कोपऱ्यांना चार बंद लागले, बंद गॅलरीच्या वरच्या गजांना बांधले गेले, युनिटच्या डोक्यावर छप्पर तयार झालं. मास्तरांनी खालून टेप लावून बघितलं.

"अठरा इंच. लावा आता."

बाईंनी खटका वर केला. सात. मग सहा पूर्णांक आठ. मग, सावलीमुळं, साडेसहा.

चारच्या ठोक्याला लेक आली. दारातूनच तिनं विचारलं, "काय निघालं?"

बाईंनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर गॅलरीच्या दारात उभे होते, विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहतो तसे.

"मी निघालो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ये इकडे. सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. अस्तर, जाळी, बंद, दीडचं ऊन, साडेपाचला काढणं, डॉक्टरांसमोर पेशंटनं कोट उतरवणं. लेक आधी भुवया उंचावून ऐकत होती, मग तोंड उघडं टाकून.

"तीन माणसं आली, बाबा! तीन! आणि तुम्ही तिघांसमोर कोट काढून ठेवलात?"

"चौघांसमोर. या ताईंसमोरही आज घातला नव्हता."

"आणि मी तिकडे वेड्यासारखी मिनिटं लिहीत बसले!"

"तुमची वही नसती तर मलाही कळलं नसतं," बाई म्हणाल्या. "मंगळवार तिथंच सापडला. दहापैकी दहा."

लेक या कौतुकानं विरघळली नाही. ती खुर्ची ओढून मीटरसमोर बसली. "उन्हाचा जोर साडेपाचपर्यंत असतो. तोवर मी हलणार नाही." आणि ती हलली नाही. दर दहा मिनिटांनी तिनं वहीत आकडा लिहिला. साडेसहा. साडेसहा. सहा पूर्णांक सहा. साडेसहा. चहा झाला. खोली इतकी गार झाली की मास्तरांनी खांद्यावर टॉवेल घेतला. साडेपाचला लेकीनं वही मिटली, पण उठली नाही.

"बाबा, ए. सी.चं मला पटलं. आता तुमचं बोला."

मास्तर ताठ झाले.

"आईच्या गोळ्या दिवसातून चार वेळा आहेत. पथ्य आहे. जिना किती चढायचा, झोपायचं कसं, खोकला आला तर छातीला उशी कशी धरायची, सगळं आहे. तुमची माया मला माहीत आहे. उद्या तुम्हाला वाटलं, तिला हे दिलं तर बरं वाटेल, ते केलं तर बरं वाटेल, आणि तुम्ही कुणाला न सांगता केलंत, तर? तिथं खटका पडत नाही, बाबा. तिथं सरळ माणूस पडतं."

बाई खिडकीकडे तोंड करून पान्हे पिशवीत भरू लागल्या, एकेक, सावकाश.

"मी चव्वेचाळीस वर्षं धंदा केला," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय कधी कात्री लावली नाही. गळा केवढा, बाही किती, लांबी कुठवर. आणि घरात मात्र विचारायचं राहून गेलं. कुणाला विचारायचं हेच सुचलं नाही. तू आलीस की घाईत असतेस. हॉस्पिटलात डॉक्टर घाईत." ते थांबले. "आता विचारीन. मूर्खासारखं वाटलं तरी विचारीन. दिवसातून दहा वेळा फोन करीन तुला. तू शाळेत असलीस तरी करीन. आधी विचारीन, मग कापीन."

"तासाला फोन घेता येत नाही मला."

"मग मधल्या सुट्टीत घे."

लेकीनं वही बाजूला ठेवली. मग तिनं फोन काढला आणि गाडीवाल्याला सांगितलं की उद्या यायचंय, पण हॉस्पिटलपासून याच घरापर्यंत, पुढचं नको. मग आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं.

पलीकडून एक दमलेला, पण हसरा आवाज आला. "अगं, मला विचारायचंत ना! पाच आठवडे हा माणूस एकटा, रिकामा. म्हणजे काहीतरी शिवणारच. मी हाताशी नव्हते म्हणून मशीनला शिवलं." मग जरा थांबून, "अहो, काजं कुणाकडून करून घेतलीत?"

"कुणाकडून नाही," मास्तर फोनच्या अगदी जवळ जाऊन ओरडले. "बंद लावले!"

"मग ठीक आहे," म्हणून तिनं फोन ठेवला.

लेकीनं डोळे पुसले आणि लगेच, कुणी बघितलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. बाईंनी पिशवी खांद्याला लावली. निघणार, तोच मास्तर म्हणाले, "एक विचारायचंय."

"झाली सुरुवात," लेक म्हणाली.

"झालीच. तिचा पलंग ए. सी.च्या समोर ठेवायचा की बाजूला? सरळ झोत अंगावर आला तर चालेल का?"

लेकीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मुख्याध्यापिकेला हे येत नव्हतं. तिनं बाईंकडे बघितलं. मास्तरांनीही बघितलं.

"सरळ झोत नको," बाई म्हणाल्या. "त्या भिंतीला घ्या, डोकं दाराकडे. आणि डॉक्टरांना उद्या एकदा विचारा." त्यांनी पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि पलंगाच्या पायाशी जाऊन वाकल्या. "मास्तर, तुम्ही तिकडून. ताई, तुम्ही मधून. ओढू नका, उचला. एक, दोन—"